अण्णांच्या वह्या

माझ्या वडिलांना निम्मी सांगली 'अण्णा' म्हणत असे आणि घरी आम्हीही अण्णाच म्हणत असू. आम्हा भावंडांसाठी राखून ठेवलेले असे त्यांचे निराळे नाव नव्हते. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, सार्वजनिक कामात बुडालेल्या माणसाच्या मुलांना पुढे त्याची शुश्रूषा करताना आणि तो गेल्यावर त्याचा शोक करताना एक चमत्कारिक अडचण येते. तो आपला किती होता आणि लोकांचा किती, याचा हिशेब लागत नाही. या सदराच्या एका वाचक भगिनीने अलीकडेच लिहिले आहे की, त्यांचे वडील आजारपणात जुन्या विद्यार्थ्यांना ओळखतात, पण रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्या लेकीला 'बाई, तुम्ही कुणाच्या?' असे विचारतात. पत्रात तक्रारीचा सूर नाही. पण शाईने खोडलेल्या दोन ओळी आहेत, आणि त्या मला वाचता आल्या नाहीत तरी कळल्या. म्हणून या वेळी अण्णांविषयीच लिहिते.

अण्णा हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. दिवसभर सौदे, पट्ट्या, खतावणी; आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास चोपड्या मिटल्या की घरी न येता थेट मैदान. कपड्यांना हळदीचा वास आणि खिशात शिट्टी. लहानपणी राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर खेळाची आणि शिस्तीची गोडी लागली, ती सुटली नाही. त्यांनी शिकवला तो खो-खो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधले, हे ते प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगत; त्या मुलाला त्यात काडीचाही रस नसे. खो-खोच का, याचे त्यांचे उत्तर दिवाणजीचेच होते. दोन खांब आणि चुन्याची फक्की एवढेच भांडवल; बाकीचे ज्याचे त्याच्या पायात. हमालाचा मुलगा आणि अडत्याचा मुलगा एकाच पाटीवर शेजारी बसत, एकाचे तोंड पूर्वेला, दुसऱ्याचे पश्चिमेला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सारी मुले पेठेत जमत. मालकांची परवानगी काढून अण्णा त्यांना हळदीच्या पोत्यांच्या वजनकाट्यावर एकेक करून उभे करीत आणि वजन वहीत लिहीत. लागोपाठ दोन महिने ज्याचे वजन उतरले, त्याच्या घरी तिसऱ्या आठवड्यात अण्णांची फेरी ठरलेली. बाप दारू पितो आहे, आई बाळंतपणाला गेली आहे, की पोराला जंत झाले आहेत, हे ते काट्यावरून ओळखू पाहत. १९७२च्या दुष्काळात पूर्वेकडच्या तालुक्यांतून खडी फोडण्याच्या कामांवर गेलेल्या माणसांची मुले नातलगांकडे सांगलीत येऊन राहिली होती. त्यातली कितीतरी या काट्यावर चढली. पोषणाचे आलेख आज अंगणवाडीत असतात. त्या काळी आमच्याकडे ते हळदीच्या पेठेत होते, एवढेच.

२००५च्या महापुरात अण्णा ६९ वर्षांचे होते. कृष्णेचे पाणी गल्ल्यांत शिरले, तेव्हा त्यांच्या तिन्ही पिढ्यांतले खेळाडू माणसे काढायला पाण्यात उतरले आणि अण्णा एका शाळेच्या पायरीवर वही उघडून बसले. कोणत्या गल्लीत कोण वृद्ध, कोणाला रक्तदाबाची गोळी, कोणाला इन्सुलिन, कोणाला उचलूनच आणावे लागेल. वाचकहो, ही यादी पुराची वाट न पाहता आजच करून ठेवता येते. औषधांची नावे, मात्रा, डॉक्टरांचा क्रमांक आणि जुन्या चिठ्ठ्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. आमच्या घरी ती पिशवी अजून तिथेच आहे.

अशा माणसाविषयी बोलताना 'त्यांनी संसारावर तुळशीपत्र ठेवले' असे एक वाक्य हमखास येते. अण्णांच्या शोकसभेत ते तीन वक्त्यांनी उच्चारले. मला ते ऐकवत नाही. तुळशीपत्र ठेवले असेल तर ते आईने. शिलाई मशीन चालवून तिने घर रेटले, सामन्याहून परतलेल्या बारा पोरांना रात्री साडेनऊला पिठले-भाकरी वाढली आणि कोणत्याही स्मरणिकेत तिचा फोटो छापला गेला नाही. अण्णांना याची जाणीव होती की नाही, हा प्रश्न मी बरीच वर्षे मनात बाळगला. उत्तराचा एक तुकडा त्यांच्या वहीतच सापडला, तो पुढे सांगते.

२०१३ साली, वयाच्या ७७व्या वर्षी, त्यांना अल्झायमरचा आजार असल्याचे निदान झाले. सुरुवात आकड्यांपासून झाली. ज्या माणसाने आयुष्यभर खतावणी बिनचूक ठेवली, त्याला दुधाच्या हिशेबात तीनदा बेरीज करावी लागू लागली. पुढे नावे गेली, मग दिवस, मग घरातल्या खोल्या. पण एके दिवशी दारासमोर खेळणाऱ्या मुलाला पाटीवर बसल्यासारखे बसताना पाहून अण्णा खुर्चीतून वाकले आणि त्याची टाच हाताने वर उचलून म्हणाले, "टाचेवर भार टाकलास की उठायला उशीर. चवड्यावर बस." त्या क्षणी त्यांना माझे नाव ठाऊक नव्हते.

यात गूढ काही नाही. नव्या घटनांची नोंद मेंदूच्या ज्या भागात प्रथम होते, त्या हिप्पोकॅम्पसला या आजारात फार लवकर इजा होते. सायकल चालवणे, लुगडे नेसणे, पोळी लाटणे, पाटीवर बसणे अशी सवयीने अंगात मुरलेली कौशल्ये वेगळ्या यंत्रणेवर अवलंबून असतात, आणि ती तुलनेने उशिरापर्यंत टिकते. शिवाय साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतल्या आठवणी बहुतेक माणसांच्या मनात अधिक दाट असतात. म्हणून आपल्या त्या वाचक भगिनीचे वडील विद्यार्थ्यांना ओळखतात आणि आज साठीत असलेल्या लेकीला ओळखत नाहीत, यात प्रेमाच्या मापाचा संबंध नाही. त्यांच्या मनातली लेक कदाचित आठ वर्षांची आहे, दोन वेण्या घातलेली. समोर बसलेली पांढऱ्या केसांची बाई ती कशी असेल? हे समजले म्हणून दुःख होत नाही असे नाही. पण ते दुःख आजाराचे आहे, अपमानाचे नाही, एवढा फरक पडतो, आणि रोजच्या शुश्रूषेत तो फार मोठा असतो.

भेटीला येणाऱ्या जुन्या खेळाडूंचा आरंभी त्रासच होई. प्रत्येक जण दारातून आत येताच विचारी, "अण्णा, ओळखलंत का?" ही आपल्याकडची मायेची रीत आहे, पण विस्मृतीच्या रुग्णाला ती परीक्षा वाटते, आणि नापास होण्याची भीती त्याला शेवटपर्यंत कळते. अण्णांचे हात थरथरत, नजर माझ्याकडे वळे. शेवटी मी दाराच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवला. 'कृपया ओळख विचारू नये. आपले नाव, संघाचे वर्ष आणि खेळण्याची जागा आपणच सांगावी.' मग रिक्षा चालवणारा, साठीला टेकलेला एक गृहस्थ आत येऊन म्हणे, "अण्णा, मी एकोणऐंशीच्या संघातला. खांबाजवळ पळायचो बघा." आणि अण्णा प्रसन्न होऊन म्हणत, "मग आज उशीर का केलास?" संभाषण तेवढ्यावर सुखाने चाले. १९७९ आहे की २०१५, याचा वाद कोणी घालीत नसे.

संध्याकाळ मात्र कठीण होती. दुपारी साडेचारनंतर ते अस्वस्थ होत. येरझाऱ्या घालत, दाराची कडी काढू पाहत, अडवले तर चिडत. दिवस कलताना वाढणारी अशी अस्वस्थता या आजारात पुष्कळांना होते. थकवा, कमी होणारा उजेड, लांबणाऱ्या सावल्या, मेंदूतल्या दिवसरात्रीच्या घड्याळाचा बिघाड अशी तिची कारणे सांगतात. पण प्रत्येक घरी तिचा अर्थ वेगळा असू शकतो आणि तो घरच्यांनाच लावता येतो. मी त्यांच्याच पद्धतीने वही घातली: वेळ, आधी काय घडले, नंतर काय केले, किती वेळात शांत झाले. तीन आठवड्यांच्या नोंदी एकाखाली एक वाचल्यावर दिसले की अण्णा घराबाहेर पडू पाहत नव्हते. ते मैदानावर जाऊ पाहत होते. पेठ सुटण्याची वेळ झाली होती.

त्यानंतर भांडण संपले. चारच्या सुमारास चहा आणि थोडे खाणे, साडेचारला घरातले सगळे दिवे, पावणेपाचला पायात बूट. पाचला जुन्या खेळाडूंपैकी कोणीतरी येऊन त्यांना मैदानावर एक फेरी घालून आणी. बँकेतून निवृत्त झालेल्या एकाने पाळ्यांचा तक्ता केला, आणि सोमवारचा माणूस आला नाही तर मंगळवारच्याला निरोप जाई. सात-आठ जणांनी चार वर्षे हे काम केले. आम्ही कोणाकडे मागितले नव्हते. मला त्या तासात आंघोळ करता येई, नुसते पडून राहता येई, रडता येई. रुग्णाची काळजी घेणाऱ्यास रोज असा एक तास मिळणे ही चैन आहे असे अजूनही पुष्कळ घरांत समजतात. ते औषधाच्या वेळेइतकेच आवश्यक आहे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. २०१७च्या पावसाळ्यात अण्णांची अवस्था दोन दिवसांत एकदम बिघडली. भर दुपारी बडबड, भिंतीवर माणसे दिसणे, मधेच गाढ गुंगी. 'आजार वाढला' असे म्हणून सोडून देणे सोपे होते. पण वहीत आधीच्या आठवड्याच्या नोंदी शांत होत्या, त्यामुळे हा फरक ठसठशीत दिसला आणि आम्ही तातडीने डॉक्टरांना गाठले. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला. उपचारांनी आठवडाभरात ते बरेचसे पूर्वपदावर आले. विस्मृतीचा आजार सावकाश उतरत जातो. तासा-दिवसांत आलेला गोंधळ हा निराळा प्रश्न असतो, आणि त्यामागे संसर्ग, शरीरातले पाणी वा सोडियम कमी होणे, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणे, नवे औषध असे काहीही असू शकते. तेव्हा वाट पाहू नये.

आता त्या वह्यांविषयी. पलंगाखालच्या लोखंडी पेटीत एकंदर ४१ वह्या निघाल्या, पेठेतल्या लाल कापडी बांधणीच्या. मुलांची नावे, वजने, उंची, हजेरी आणि शेवटच्या रकान्यात चार-पाच शब्दांचा शेरा. 'आई आजारी.' 'पायात काटा, दाखवला नाही.' 'मार खाऊन आला, विचारू नये.' शोकसभेत लोक त्यांच्या उदारपणाविषयी खूप बोलले. मला त्या रकान्यात उदारपणापेक्षा लक्ष दिसले, आणि लक्ष देणे ही अधिक कष्टाची गोष्ट आहे असे माझे मत आहे.

मी खेळाडू नव्हते. मला लहानपणी दमा होता. फक्की उडाली की खोकला येई, म्हणून मी मैदानाच्या कडेला, वाऱ्याच्या उलट बाजूस बसत असे. वह्यांत माझे नाव कुठेच असणार नाही, हे मी धरूनच चालले होते. १९७१च्या वहीच्या मागल्या पानांवर, उलट्या बाजूने लिहिलेल्या नोंदी होत्या. सामन्याच्या वेळा लिहाव्यात तशा. 'रात्री २.१० ते ३.४०. उशी मांडीवर देऊन पुढे झुकवून बसवले. आईने पाठ धरली. ५ला झोप.' पुढची नोंद अकरा दिवसांनी. मग सहा दिवसांनी. तीन हिवाळे त्या पानांत होते. ज्या ज्या रात्री उशाशी फक्त आई होती अशी माझी पक्की समजूत होती, त्या रात्रीही कंदिलाजवळ घड्याळ घेऊन कोणीतरी जागे होते. आणि प्रत्येक नोंदीत 'आईने' हा शब्द होता. तिने काय केले, ते तो माणूस लिहून ठेवत होता.

यावर मला फार काही म्हणायचे नाही. त्यांचा घरातला वाटा यामुळे मोठा होत नाही आणि आईचे कष्ट कमी होत नाहीत.

म्हातारी माणसे मागच्या गोष्टी उगाळू लागली की एके काळी ते बुद्धी खालावल्याचे लक्षण समजले जाई. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली मांडले की, हे आयुष्याचे सिंहावलोकन उतारवयातले स्वाभाविक आणि उपयुक्त काम आहे. जुने राहिलेले हिशेब माणूस त्यात मिटवू पाहतो. आपल्या घरी कोणी तीच गोष्ट पाचव्यांदा सांगत असेल, तर सहावा प्रश्न विचारून पाहावा. तेव्हा किती माणसे होती? भाकऱ्या कोणी भाजल्या? परत येताना एसटी मिळाली का? विस्मृती असेल तर जुना फोटो, शिट्टी, फक्कीचा वास, पेठेतली चिमूटभर हळद हातावर द्यावी आणि गप्प बसावे. आठवण आली तर आली. आणि ज्येष्ठ वाचकांना माझी विनंती अशी की, घराविषयी चार ओळी लिहून ठेवा. समाजकार्याच्या फायली संस्था सांभाळतात. तुम्ही कोणत्या रात्री जागे होतात, ते संस्थेला ठाऊक नसते.

अण्णा फेब्रुवारी २०१९ मध्ये गेले. पहिल्या दिवसांत मला सुटल्यासारखे वाटले, आणि दीर्घ शुश्रूषेनंतर असे वाटणाऱ्या प्रत्येकास मी सांगू इच्छिते की ही निर्दयता नव्हे. त्यांना थोडे थोडे गमावण्याचा शोक सहा वर्षे चाललाच होता. समोर असलेल्या माणसाचा शोक करायला आपल्याकडे दिवस-वार नसतात, इतकेच. स्ट्रोब आणि शूट या संशोधकांनी १९९९ साली शोकाविषयी जे मांडले, ते मला पटते. शोकाकुल माणूस दुःखाकडे आणि व्यवहाराकडे आलटून पालटून जात राहतो, आणि हे जाणे-येणे निकोपच असते. सकाळी मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहावे, दुपारी पेटी उघडून बसावे, संध्याकाळी भाजी आणावी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा महापूर आला. पेटी माळ्यावर होती म्हणून वह्या वाचल्या.

स्मारकाच्या सूचना आल्या. अर्धपुतळा, मैदानाला कमान, त्यांच्या नावाचा फिरता चषक. भावाला चषक चालला असता. मी पुतळ्याला स्पष्ट नकार दिला, कारण अण्णांना एका जागी उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, तेव्हा ते जुने खेळाडू आमच्या घरी दूरदर्शनसमोर दाटीने बसले होते. मॅटवरचा तो झगझगीत खेळ पाहता पाहता एकाच्या लक्षात आले की, खोलीतल्या नऊ जणांपैकी पाच जण खुर्चीच्या हातांना रेटा दिल्याशिवाय उठू शकत नाहीत.

स्मारक तिथून सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाच्या हालचालीची शिफारस करते आणि त्याखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद यांचा व्यायाम सुचवते. तोल जाऊन पडणे हे या वयात मांडीचे हाड मोडण्याचे मुख्य कारण असल्याने यातला दुसरा भाग विसरून चालत नाही, आणि नुसत्या सकाळच्या फेरफटक्याने तो साधत नाही. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला त्याच मैदानावर ज्येष्ठांचा वर्ग भरतो. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, जमेल तितके. खो-खोचा खांब एका हाताने धरून एका पायावर उभे राहणे. फक्कीच्या रेषेवर एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा चवडा लावून चालणे, शेजारी धरायला कोणीतरी हवेच. एका फिजिओथेरपिस्टने पहिला महिना समोर उभे राहून सारे तपासले. ज्यांना चक्कर येते, छातीत दुखते किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगतो. संधिवातवाल्या दोघी जणी बसूनच करतात.

बेचाळिसावी वही मी घातली आहे. त्यात सध्या २९ नावे आहेत, महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन होते, आणि शेवटचा रकाना तसाच आखला आहे. गेल्या शुक्रवारच्या नोंदीत ७४ वर्षांच्या एका आजींपुढे लिहिले आहे: 'खांब सोडून डाव्या पायावर ६ सेकंद. नातवाचे लग्न, पुढचा आठवडा येणार नाहीत.'